उत्तरपूजा न झालेलं गाव

माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर दरवर्षी थोडं थोडं जड होत जातं. मृग तोंडावर आला की आमच्याकडे बायका पांढरी माती आणायला निघायच्या. गावाच्या वरच्या अंगाला पडक्या गढीचा उंचवटा होता. तिथली माती पाणी पीत नाही, निथळून टाकते, म्हणून सगळ्या गावाला तीच लागायची. टोपल्या डोक्यावर घेऊन शिडीनं वर जायचं, माती पसरायची, पाणी शिंपडायचं आणि धुमसानं ठोकून बसवायची. मागच्या पावसात घर गळलं असेल तर त्या कोपऱ्यात दोन टोपल्या जास्त. जुनी माती खरवडून खाली टाकावी आणि मग नवी घालावी, असं कुणी करत नसे. आधीच्या थरावर नवा थर चढायचा. माझ्या आजीचा या कामावर फार जीव. गडीमाणसांचं ठोकून झालं तरी ती स्वतः वर चढायची आणि सवण्याच्या, म्हणजे उजेडासाठी माळवदाला ठेवलेल्या भोकाच्या, कडेनं ओल्या मातीचा काठ बोटांनी लिंपायची. आत एक थेंब येता कामा नये. आजेसासूनं तिला शिकवलेलं, तिनं माझ्या थोरल्या आईला शिकवलं.

मी आता स्थापत्य अभियंता आहे. लातूरला राहते, जुनी-नवी घरं तपासते. एक फूट जाडीची ठोकलेली माती म्हणजे एका चौरस फुटावर 45 ते 50 किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार ते पाच टन. आमच्या माजघरावर थर त्याहून जाड होता. घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या दर मृगाला लेकरं कोरडी राहावीत म्हणून डोक्यावरून वाहून नेलेली माती होती ती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी ती खाली आली.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. किल्लारीच्या जवळचं, तेरणेच्या बाजूचं. जे सांगणार आहे ते आसपासच्या कितीतरी गावांचं आहे. पूर्ण उठवून दुसरीकडे वसवलेली गावंच 52 होती, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली. मृतांचा आकडा कुठे आठ हजारांच्या जवळ दिलेला सापडतो, कुठे दहा हजारांच्या. भूकंपाची तीव्रता कुणी 6.2 सांगतं, कुणी 6.4. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं ही तीव्रता मध्यमच. पण केंद्र फार उथळ होतं आणि वर आमची घरं होती.

धक्के आधी वर्षभर जाणवत होते. 1992 च्या ऑगस्टपासून जमीन गुरगुरायची. ऑक्टोबरात एक मोठा हादरा बसला तेव्हा किल्लारीची माणसं बाहेर झोपायला लागली. मग थंडी पडली, सुगी आली, धक्के विरळ झाले आणि माणसं परत आत गेली. दख्खनचं पठार म्हणजे अभंग कातळ, इथं काही होत नाही, असंच तेव्हा शिकवलं जाई. भूकंपाच्या सरकारी नकाशात आमचा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पट्टाच पुढे 2002 मध्ये रद्द झाला आणि लातूरचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत खोल छिद्र घेतलं, तेव्हा काळ्या दगडाचा थर सुमारे 338 मीटर निघाला आणि त्याखाली वेगळा, फार जुना खडक. आमच्या पायाखाली एवढा दगड आणि भिंतींतही तोच दगड.

मी तेव्हा नववीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. शाळेचा आणि गावाचा असे दोन्ही गणपती नदीला पोचवून पोरंटोरं उशिरा परतली. उकाडा होता. आजी, अण्णा, माय आणि आम्ही भावंडं अंगणात बाजा टाकून झोपलो. थोरले चुलते, थोरली आई आणि त्यांचा धाकटा आत माजघरात. त्याला दोन दिवसांपासून ताप होता, गार वारा नको म्हणून.

त्या आवाजाबद्दल मी लिहीत नाही. लिहून पाहिलं, होत नाही. धुळीबद्दल लिहिता येतं. पौर्णिमेचा चांदणा होता, पण धूळ एवढी उठली की शेजारच्या बाजेवरची आजी दिसेना. धूळ बसली तेव्हा ओसरीचे लाकडी खांब आणि त्यांच्यावरची तुळई जागच्या जागी उभी होती. भिंत मात्र कुठेच नव्हती.

तिघांना काढायला दुपार झाली. तोवर पाऊस सुरू झाला होता. आजी ढिगाऱ्याच्या कडेला बसून ओली माती हातात घेऊन पाहत होती. ती एकच वाक्य बोलली आणि पुढे कितीतरी वर्षं अधूनमधून तेच बोलायची: "माझ्याच हातची माती पडली गं लेकरावर."

विनाशाला माणसं ताबडतोब अर्थ लावायला लागतात. आमच्याकडे तर प्रेतं उचलायच्या आधीच सुरुवात झाली. कुणी म्हणालं, शेषानं कूस बदलली. कुणी म्हणालं, माकणीच्या धरणानं केलं. कुणी म्हणालं, गणपती बुडवताना काही चुकलं. आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकू आलं ते पाप. पाप वाढलं की धरणीमाय हलते. मदतीला आलेली चांगली, शिकलेली माणसंही शोकसभांमधून उत्पत्ती, स्थिती, लय सांगायची. निर्मितीसाठी संहार लागतोच, महादेव संहार करतो म्हणून तर नवं जन्माला येतं, अशी भाषणं मी पत्र्याच्या शेडपुढे सतरंजीवर बसून ऐकली आहेत. तेव्हा नुसती मान घातली. आज मनापासून सांगते, तशी भाषा ज्याचं लेकरू गेलं आहे त्याच्यापुढे करू नये. आपल्या शास्त्रातला लय हा युगांचा आणि सृष्टीचा आहे. माजघरात झोपलेल्या तापातल्या पोराला तो लागू करायला कुणी सांगितलेलं नाही.

हा वाद जुना आहे. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घडामोडीला नैतिक शिक्षा ठरवणं त्यांना मान्य नव्हतं. गांधीजींनी तो विरोध आपल्या 'हरिजन'मध्ये छापला आणि उत्तरही दिलं. अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींनी जे केलं त्याचा मला आदर आहे, पण या प्रश्नात मी पूर्णपणे ठाकुरांच्या बाजूची आहे. शिक्षा म्हटलं की वाचलेल्या माणसाच्या डोक्यावर दुसरं माळवद चढतं. माझ्या आजीनं ते उरलेलं सगळं आयुष्य वाहिलं.

आमच्या गावात कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांतली माणसं बरीच वाचली. ती बहुतेक गरीब, गावकुसाबाहेरची. मोठ्या वाड्यांत, दोन-दोन हात रुंद भिंतींच्या आत, घरंच्या घरं गेली. यावरही लोकांनी अर्थ लावला, की देवानं गरिबाला वाचवलं आणि माजलेल्याला दाखवलं. ऐकायला हे बरं वाटतं. पण कुडाला वजन नव्हतं, एवढंच त्यातलं खरं. वाड्यातल्या लहान लेकरानं कसला माज केला होता?

आजीला मी उत्तर दिलं ते इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत घरी आले होते. नव्या गावातल्या घरासमोर पत्र्याची पडवी काढून ती तिथंच झोपायची, सिमेंटच्या स्लॅबखाली शेवटपर्यंत झोपली नाही. मी अंगणातले दगडगोटे गोळा करून तिच्यापुढे जुनी भिंत रचली. आपल्या भिंती दिसायला एक, पण आतून दोन असायच्या. बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड आणि मधे चिखल-गोट्यांचा भरणा. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा, भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा लांब दगड कुठेच नाही. मी खालचं फळकूट हलवलं. बाहेरचं तोंड बाहेर पडलं, आतलं आत. "आजी, भिंत आधी फुटली बघ. माती नंतर आली. तू माती घातली नसतीस तरी भिंत फुटणारच होती." तिनं दगड परत रचायला लावले. पुन्हा हलवायला लावलं. मग मधे एक लांब दगड आडवा घालायला सांगितला आणि पुन्हा हलवायला लावलं. भिंत हलली, पण उभी राहिली. "हे गवंड्याला ठावं नव्हतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कधीकाळी असेल, पुढे कुणी केलं नाही. ती बराच वेळ त्या आडव्या दगडाला हात लावून बसली. त्यानंतर ते वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

खोटं सांगितलं नव्हतं मी तिला, पण सगळंही सांगितलं नव्हतं. वजनाचा भाग होताच.

वेरूळला मी पहिल्यांदा गेले ती नोकरी लागल्यावर. कैलास लेण्याच्या दक्षिण अंगाला रावणाचं शिल्प आहे. रावण पर्वताच्या पोटाशी बसून आपल्या अनेक हातांनी तो हलवतो आहे आणि वर शिवपार्वती बसली आहेत. गाइड रावणाचं गर्वहरण सांगत होता. मला मात्र पार्वती दिसली. ती शिवाला घट्ट बिलगली आहे. आणि तिची एक सखी सरळ पळत सुटली आहे, पाठमोरी, जिकडे वाट मिळेल तिकडे. आमच्या अंगणात त्या पहाटे हेच झालं होतं. आठव्या शतकातल्या, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळच्या त्या कारागिरानं हलणारी जमीन पाहिली होती की नाही कोण जाणे, पण जमीन हलली की माणूस काय करतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मायला आम्हा भावंडांना असंच धरलेलं मी पाहिलं आहे, आणि शेजारची काकू अशीच पळाली होती.

आणि महादेव काय करतो तिथं? ज्याच्या नावावर संहाराची एवढी भाषणं झाली, तो या शिल्पात काहीच मोडत नाही. तो शांत बसून पायाच्या अंगठ्यानं पर्वत दाबतो आणि तो स्थिर करतो. आमच्याच काळ्या दगडात, आमच्याच मराठवाड्यात हे कोरलेलं आहे. शोकसभेतल्या वक्त्यांपैकी एकानं तरी याची आठवण काढायला हवी होती. मी तिथं बराच वेळ उभी होते. ग्रुप पुढच्या लेण्याला गेला तरी.

हे सगळं आता लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत दरडीखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाबद्दल वाचते, ऐकते, तेव्हा एक गोष्ट कुणीच बोलत नाही असं दिसतं.

मोडण्याची आपल्याकडे किती नीट रीत आहे ते पाहा. गणपती बुडवायच्या आधी उत्तरपूजा असते. अक्षता वाहायच्या, पुन्हा ये म्हणून सांगायचं आणि मग मूर्ती जागेवरच किंचित हलवायची. एवढंसं हलवलं की देव त्यातून निघाला. त्यानंतर ती माती. हातावर दही घालायचं, नदीला न्यायचं, बुडवायचं आणि रिकाम्या पाटावर नदीची मूठभर वाळू घेऊन परत यायचं. आधी विचारणं, मग हलवणं, मग सोडणं, मग काहीतरी घेऊन घरी येणं. माणूस गेला तरी तसंच. खांद्यावर पाण्याचं मडकं, त्याला दगडानं पाडलेलं भोक, प्रेताभोवती फेऱ्या आणि मग मागं न बघता मडकं टाकून फोडायचं. तो दगडही फेकून देत नाहीत, जीवखडा म्हणून दहा दिवस जपतात. होळी पेटवतानासुद्धा आधी पूजा, नैवेद्य, मग आग. आपण वस्तू उगीच मोडत नाही. तिला निरोप देऊन मोडतो.

प्रत्येक मोडण्याची रीत जपावी असं मात्र मी म्हणत नाही. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या ही रीत मोडलीच पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये तसा ठराव केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आमच्याकडे त्या सकाळी बांगड्या फोडायला म्हाताऱ्या बायका उरल्या नव्हत्या, म्हणून काही जणींच्या राहून गेल्या. पुढे वर्षभरानं कुणीतरी आठवण करून दिली आणि फोडायला लावल्याच.

तर माणसाला रीत आहे, देवाला आहे. गावाला नाही. गाव मरतं असं आपल्या रीतीभातींनी कधी धरलंच नसावं. घर पडतं, परत बांधतात. साथ आली तर माणसं माळावर जाऊन राहतात आणि परततात. पण एका पहाटे गाव संपलं आणि परत तिथं जायचंच नाही, याला काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही.

आमच्याकडे तर माणसांचंही धड झालं नाही. पावसात सरपण कोरडं मिळेना. मग पडलेल्या घरांतल्या तुळया, कड्या, दारं ओढून काढली आणि त्यांचंच सरण रचलं. ज्यांच्यात पुरायची रीत त्यांचीही माणसं त्याच सरणावर गेली. थोरल्या आईला आमच्याच माजघराच्या तुळईवर जाळलं. अण्णांनी ती तुळई ओळखली, तिच्यावर पाळण्याच्या कड्या होत्या. मडकं नव्हतंच. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागला. आजही आमच्या पंचक्रोशीत भाद्रपदातल्या त्या तिथीला एकाच दिवशी गावभर पानं वाढलेली असतात. कुणी चतुर्दशी धरतं, कुणी पौर्णिमा, पण सबंध गावाचं वर्षश्राद्ध एकदमच. कावळ्यांना वाट पाहावी लागत नाही.

त्यानंतर मदत आली, आणि ती मनापासून आली, हे मी कधी विसरणार नाही. लष्कर आलं, देशभरातून संस्था आल्या. भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1,200 मुलांना शिकायला पुण्याला नेलं. त्यांतली कितीतरी आज उभी आहेत, माझ्या वर्गातलीही. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. जमिनीप्रमाणे घरं ठरली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून जास्त असेल तर 750. जी गावं उठवली नाहीत त्यांत पडझडीची घरं जागेवरच मजबूत करायचं काम झालं. त्यात गावोगावच्या बायका पुढे आल्या, भिंतीत आडवा दगड कसा घालायचा ते शिकल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना त्यात उतरवलं. माझ्या पेशाची पहिली ओळख मला त्याच बायकांमुळे झाली, कॉलेजात नव्हे.

पण 52 गावं उचलली गेली. नवं गाव आखीव आहे, रुंद सरळ रस्ते, समोरासमोर घरं, शाळा, समाजमंदिर. दुसरीकडची माणसं येऊन म्हणतात, तुमचं गाव छान आहे. छान आहेच. जुन्या गावात गल्ली एवढी अरुंद होती की बैलगाडी आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. भूकंपात त्याच गल्ल्या दगडांनी बुजून गेल्या आणि माणसांना बाहेर पडता आलं नाही. रुंद रस्ते हवेतच. मी अभियंता म्हणून त्या आखणीच्या विरोधात नाही. घराच्या मालकीचे कबाले मिळायला कितीतरी घरांची वर्षानुवर्षं गेली, ते दुखणं निराळं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जुन्या गावाचा निरोप कुणी घेतला नाही. पत्र्याच्या शेडमधून ट्रॅक्टरवर सामान टाकलं आणि नव्या गावात उतरलो. गृहप्रवेश झाले, मंत्री आले, फीत कापली, सत्यनारायण झाले. नव्यात जाण्याच्या सगळ्या रीती झाल्या, जुन्यातून निघण्याची एकही झाली नाही. मारुती तेवढा वाजतगाजत आणला, कारण मारुती हलवायची रीत ठाऊक होती. वेस, पार, चावडी, आड, शाळेची घंटा टांगलेला लिंब, हे तसंच सोडून दिलं. तिथं आता बाभळी माजल्या आहेत.

माणसं आपापल्या परीनं काही ना काही करत राहिली. आजीनं जात्याची तळी उकरून काढली. वरची पेठ फुटली होती. नुसत्या तळीचा उपयोग काहीच नाही, पण ती पडवीत तिच्या उशाशी असायची. एका म्हाताऱ्या बाबांनी उंबऱ्याचं लाकूड आणून नव्या घराच्या दाराला आडवं घातलं. ते दाराच्या मापाचं नव्हतं, तर दार बदललं. आमच्या गल्लीतल्या दोघी जावा पंचमीला जुन्या वारुळाला पुजायला कितीतरी वर्षं चालत जायच्या, नव्या गावाजवळ वारूळ असूनही. आणि बरेच जण असे, की ज्यांनी एकदाही तिकडे पाय ठेवला नाही. माझे अण्णा त्यांतले. त्या बाजूला आमचं वावर होतं, ते त्यांनी बटाईनं दिलं.

निरोप घेतला असता तर दुःख कमी झालं असतं असं मी म्हणत नाही. पण एका पिढीला तिकडे जावं की जाऊ नये हेच कळलं नाही, ते तरी कळलं असतं. सगळं गाव एक दिवस तिथं जमलं असतं. ज्यानं त्यानं आपल्या घराच्या जागी उभं राहून नावं घेतली असती. अक्षता टाकल्या असत्या, मूठभर माती पाटावर घेतली असती आणि ती आणून नव्या गावाच्या वेशीत टाकली असती. ज्यांच्यात अक्षतांची रीत नाही, त्यांनी आपलं काही केलं असतं, आमच्याकडे मुसलमान घरंही होती, लिंगायतही होती. एका दिवसाचं काम. कार्यक्रमाच्या खर्चात त्याचा चहाही भागला असता.

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, 151 माणसं गेली. 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळीये. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. दर खेपेला बातम्या येतात, की जागा बघितली, इतकी घरं, इतके चौरस फूट, अमुक महिन्यात चाव्या. हे झालंच पाहिजे आणि लवकर झालं पाहिजे. पण ज्या अधिकाऱ्यांच्या हातात असे आराखडे असतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की चाव्या देण्याच्या आधीचा एक दिवस जुन्या जागेसाठी ठेवा. लोकांना विचारा तिथं काय करायचं आहे. तेच सांगतील. सुरक्षित नसेल तर जवळच्या टेकाडावरून करू द्या. आणि जुन्या गावाचा नकाशा करून ठेवा, सर्व्हे नंबरचा नव्हे, कोण कुठं राहत होतं त्याचा.

तो नकाशा आम्ही आता करतो आहोत, एवढ्या वर्षांनी. नव्या गावातल्या समाजमंदिरात मोठा कागद अंथरतो आणि ज्यांना आठवतं ती माणसं भोवती बसतात. माझ्या वयाची आम्ही थोडीच, बाकी सगळी साठी-सत्तरीची. फार भांडणं होतात. आडाकडे जाणारी वाट सुताराच्या घरापुढून वळायची की मागून, यावर एका संध्याकाळी दोन म्हातारे एकमेकांवर असे ओरडले की पोरं धावत आली बघायला. शेवटी एक मावशी उठल्या. डोक्यावर घागर घेतल्यासारखा हात धरून त्या सतरंजीवर चालून दाखवायला लागल्या. इथं वेस, इथं पार, इथं उतार, इथं पाय जपायचा, इथं डावीकडे. वाट मागून वळायची. त्यांचा पाय चुकत नव्हता, म्हणून तेच धरलं.

पेन्सिलीनं घर काढलं की आत नावं लिहितो, असलेली आणि गेलेली, दोन्ही. आमच्या घराच्या चौकोनात थोरल्या आईचं नाव मी लिहिलं. सवणं कुठं होतं तेही दाखवलं, नकाशात त्याची गरज नसली तरी. अण्णा आले होते त्या दिवशी. गोठा मी उजवीकडे काढला होता, त्यांनी खोडून डावीकडे काढला.

वेशीपासून मारुतीपर्यंतची डावी रांग पूर्ण झाली आहे. उजव्या रांगेत मधली जागा अजून रिकामी आहे. तिथं दोन घरं होती की तीन, यावर एकमत नाही. तिथली माणसं कामाला पुण्या-मुंबईकडे गेली आणि तिकडचीच झाली. त्यांतलं कुणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या ओळखीत किल्लारीकडचं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांना एवढं विचारा: पिठाच्या गिरणीला लागून कुणाचं घर होतं, आणि त्या घराचं दार गल्लीत उघडायचं की बोळात?